रडला नाही म्हणजे वाटलं नाही, असं लिहू नका

प्रति,
वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि आसपासच्या पाड्यांवरच्या शाळांमधले सर्व गुरुजी, बाई आणि अंगणवाडीताई यांस,



स्वमग्न मुलांबद्दल आपल्या भागात तीन वाक्यं सर्रास कानावर येतात. 'त्याला माणसांची ओढच नाही.' 'कुणी रडो, कुणी हसो, त्याला सगळं सारखंच.' 'आपल्याच तंद्रीत असतो, दुसऱ्याचं दुःख त्याला कुठलं कळायला?' बोलणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकदा ती मुलाच्या आईची कीव करत, तिच्यासमोरच हे बोलतात, आणि मूलही तिथंच उभं असतं. मी एका स्वमग्न मुलाची आत्या आहे. ही तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, असं माझं ठाम मत आहे. ते तुमच्याकडे मांडते आहे, कारण घराखालोखाल मूल सगळ्यात जास्त वेळ तुमच्यासमोर असतं. तुम्ही त्याच्याबद्दल जे म्हणाल ते उद्या आईबाप म्हणतात, परवा गाव म्हणतं आणि शेवटी ते मूलही स्वतःबद्दल तेच मानू लागतं.

माझे वडील गेले तेव्हा भाचा नऊ वर्षांचा होता. घर माणसांनी भरलेलं. बायका माझ्या आईला कवटाळून रडत होत्या. तो ओट्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावत बसला. कुणीतरी बोललंच, 'आजोबा गेले आणि ह्याचा खेळ चाललाय.' तिसऱ्या रात्री निजानीज झाल्यावर तो उठला, स्वयंपाकघरात गेला, तांब्या भरला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि आजीच्या उशाशी आणून ठेवला. हे काम रोज रात्री माझे वडील करायचे. आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. आजीच्या रात्रीत नेमकं काय उणं झालं, ते त्यानं हेरलं होतं. तो एक शब्द बोलला नाही, आजीच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. तांब्या ठेवला आणि अंथरुणावर जाऊन पडला. तेव्हापासून ते काम त्याचंच आहे.

आता मला सांगा, त्या घरात दुःख कुणाला कळलं नव्हतं?

'स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही' ही समजूत नुसती गावातली नाही, तिला पुस्तकी आधारही मिळाला होता. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. माणसांशी भावनेचं नातं जुळण्यातला बिघाड, असंच त्यांनी या अवस्थेचं वर्णन केलं. मग १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक प्रयोग केला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागं ॲन ती गोटी काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी आधी कुठं शोधेल? ती टोपलीतच पाहील, कारण गोटी हलवल्याचं तिला ठाऊकच नाही. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी गोटी प्रत्यक्षात होती ती जागा दाखवली. त्याच प्रयोगात साधारण चार वर्षांच्या २७ मुलांपैकी २३ जणांचं उत्तर बरोबर आलं.

प्रयोग महत्त्वाचा होता, पण त्यात विचारलं काय होतं ते नीट पाहा. त्यात कुणी पडलेलं नव्हतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. 'सॅलीच्या डोक्यात काय चाललंय' एवढंच विचारलं होतं; 'सॅलीची गोटी गेली, तर तुला कसं वाटतं' हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं वेगळं आणि दुसऱ्याला दुखलं तर आपल्याला दुखणं वेगळं. पहिल्या गोष्टीत अडखळणाऱ्या मुलांवर पुढच्या काळात दुसऱ्या गोष्टीचा ठपका आला. शिवाय त्या २० मधल्या चौघांनी बरोबर उत्तर दिलं होतं, ते चौघेही लोकांच्या बोलण्यातून गळून गेले.

वर्गात घडणारा एक प्रसंग घ्या. एक मुलगी पडते, गुडघा फुटतो, ती मोठ्यानं रडते. बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा होतात. स्वमग्न मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून ओरडतो, 'गप्प बस, गप्प बस!' किंवा तो वर्गाबाहेर पळतो. कधी कधी तो चक्क हसतो. पाहणाऱ्याला वाटतं, किती निर्दय! खरं तर पुष्कळदा त्या मुलाला ते रडणं इतरांपेक्षा कमी नाही, जास्त झोंबलेलं असतं. आपल्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत, तेव्हा हे समजायला आपल्याला जड जाऊ नये. एकाच कुंडात एक जण निवांत गळ्यापर्यंत बसतो आणि दुसऱ्याला पायाचा अंगठाही बुडवता येत नाही. अंगठा मागं घेणाऱ्याला पाणी लागलंच नाही, असं आपण म्हणत नाही. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला मात्र आपण तसं म्हणतो.

चैत्र अमावास्येच्या यात्रेत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. भोंगे, ढोल, पाळण्यांचा खडखडाट, माणसाला माणूस लागलेलं. देवीची पालखी निघते आणि एखादं पोर किंचाळत उलट्या दिशेला पळतं. लोक आईला ऐकवतात, 'वळण नाही लावलं.' तेच पोर एरवी आजीचा हात धरून देवळाच्या ५२ पायऱ्या चढतं आणि तिचे गुडघे जिथं जिथं थांबायला लावतील, तिथं तिथं न सांगता थांबतं. आमच्याकडे हे दोन्ही होतं. लोकांनी पाहिलं ते फक्त पळणं.

याला आणखी एक पदर आहे. काही माणसांना स्वतःच्या मनात काय चाललंय तेच ओळखता येत नाही. छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, पण तो राग की भीती की दुःख, हे सांगता येत नाही. अभ्यासक याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. तो स्वमग्न नसलेल्यांतही असतो, पण स्वमग्न माणसांत त्याचं प्रमाण खूपच जास्त आहे. साधारण निम्म्या जणांत तो आढळतो. २०१० साली जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसाच्या हाताला वेदना दिली जात असताना पाहणाऱ्याच्या मेंदूत काय घडतं, हे त्यांनी तपासलं. मेंदूचा प्रतिसाद कमी-जास्त होता, पण तो पाहणारा स्वमग्न आहे की नाही यावर अवलंबून नव्हता. त्याला स्वतःच्या भावना किती ओळखता येतात, यावर होता. म्हणजे उरलेल्या निम्म्यांच्या माथी जो दगडपणा मारला जातो, त्याला यात आधार नाही. आणि ज्यांना भावनेचं नाव सांगता येत नाही, त्यांना भावनाच नाही, असंही ठरत नाही.

सरकारी मोजपट्टीतही ही गफलत डोकावते. स्वमग्नतेचं प्रमाणपत्र देताना आपल्याकडे 'इसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिचा एक अख्खा भाग भावनिक प्रतिसादाचा आहे आणि त्यातला एक मुद्दा असा: वरवर काही कारण दिसत नसताना उत्तेजित किंवा अस्वस्थ होणं. मोजपट्टी उपयोगी आहे. तिच्यामुळे मुलाला प्रमाणपत्र मिळतं, सवलती मिळतात. ती मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पण कारण दिसत नाही ते कुणाला? पाहणाऱ्याला. मुलाला ते दिसतही असतं, ऐकूही येत असतं, कातडीवर जाणवतही असतं. पंख्याची घरघर असेल, पुढच्या बाकावरच्या मुलीचा दाबलेला हुंदका असेल, सकाळी घरात झालेलं भांडण असेल.

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. न समजण्याची ही अडचण दोन्ही बाजूंची आहे, अशी मांडणी त्यांनी २०१२ साली केली. स्वमग्न माणसाला इतरांचं मन वाचताना अडचण येते, तशीच इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन वाचता येत नाही. दोष मात्र एकाच्याच नावावर लिहिला जातो. दुसऱ्या बाजूची ही अडचण प्रयोगांतही दिसली आहे. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की, स्वमग्न माणसांचं थोडंसं बोलणं पाहून किंवा ऐकून लोक त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत बनवतात आणि त्यांच्याशी ओळख वाढवायला कचरतात. तेच बोलणं नुसतं कागदावर लिहून दिलं, तेव्हा ते प्रतिकूल मत उरलं नाही. म्हणजे माणूस काय म्हणाला ते लोकांना खटकलं नव्हतं. तो कसा दिसला, आवाज कसा आला, नजर कुठं होती, हे खटकलं होतं. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गोष्ट सांगत नेण्याचा प्रयोग कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी एडिनबरात केला. २०२० च्या अभ्यासात स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, आणि दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तिथं ती जास्त गळाली. २०२५ च्या ३११ जणांच्या मोठ्या अभ्यासात मिसळलेल्या साखळ्यांतही फरक आढळला नाही. दोन्ही वेळा स्वमग्न माणसं कमी पडली नाहीत, हे आपल्यापुरतं पुरेसं आहे.

आपण आपल्याकडच्याच रीती आठवून पाहू. दुखवट्याच्या घरी गेल्यावर काय बोलायचं, किती वेळ बसायचं, निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे आपल्याला कुणी वर्गात शिकवलं नाही. बघून बघून आलं. ज्या मुलाला बघून असं उचलता येत नाही, तो दुखवट्याच्या घरातून निघताना खणखणीत आवाजात 'येतो हां' म्हणतो. आपण दचकतो आणि त्याला काळीज नाही असं ठरवतो. त्याला रीत ठाऊक नव्हती, एवढंच खरं असतं. रीत एका वाक्यात सांगता येते, आणि सांगितली तर तो ती आपल्यापेक्षा काटेकोर पाळतो.

मुलींच्या बाबतीत याच्या उलट फसगत होते. पुष्कळ स्वमग्न मुली आजूबाजूच्यांचं पाहून सांत्वनाची सगळी रीत पाठ करतात. केव्हा हसायचं, केव्हा खांद्यावर हात ठेवायचा, सगळं येतं. म्हणून त्यांच्याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. शाळा सुटेपर्यंत त्या हे निभावतात आणि घरी येऊन कोपऱ्यात कोसळतात. आई सांगत येते की घरी फार चिडते, आणि तिला उत्तर मिळतं, 'शाळेत तर किती गुणी आहे!' त्या आईचं ऐकून घ्या.

इथं एक खबरदारी. 'स्वमग्न मुलांना भावना नसतात' हे जसं खोटं, तसं 'स्वमग्न मुलं म्हणजे देवाघरची फुलं, त्यांच्या मनात फक्त प्रेम' हेही खोटं. त्यातली काही मारकुटी असतात, काही हट्टी, काही जणांचं खरंच लक्ष नसतं, काही बोलत नाहीत म्हणून त्यांच्या मनाचा थांग आपल्याला लागलेला नसतो. ती माणसं आहेत, एकासारखं दुसरं नाही. आणि वर्गातली जागा त्यांना चांगुलपणाच्या बदल्यात मिळालेली नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. समावेशक शिक्षण हा या मुलांचा हक्क आहे. बाकीच्या मुलांना आपण मायाळूपणाचा दाखला मागून वर्गात घेत नाही, ह्यांच्याकडेही मागू नये.

मग तुमच्याकडे माझं मागणं काय? पहिलं मागणं नोंदींबद्दल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं, तेव्हापासून तुम्ही प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिता. एका शाळेच्या प्रगतिपुस्तकात मी वाचलं आहे, 'इतरांच्या भावनांची जाणीव नाही.' एवढं मोठं विधान करण्याजोगं कुणाच्या मनात शिरून कुणीच पाहिलेलं नसतं. जे घडलं ते लिहा. 'शेजारचा मुलगा पडला तेव्हा कान झाकून बाहेर गेला. थोड्या वेळानं परत येऊन त्याची पाण्याची बाटली भरून ठेवली.' अशी नोंद पुढच्या वर्षीच्या गुरुजींच्या उपयोगी पडते. पहिली नोंद फक्त मुलाला चिकटते.

दुसरं, थोडं थांबून पाहा. या मुलांचा प्रतिसाद पुष्कळदा उशिरा येतो, शब्दांऐवजी कामातून येतो आणि ज्याच्यासाठी असतो त्याच्याकडे न पाहता येतो. खोडरबर पुढं सरकवणं, पडलेलं दप्तर उचलून जागेवर ठेवणं, रडणाऱ्याशेजारी गुपचूप बसणं, स्वतःवर आलेला तसाच प्रसंग सांगणं, ही त्यांची भाषा आहे. शेवटच्या गोष्टीचा तर हमखास गैरसमज होतो. 'माझाही कुत्रा मेला होता' असं तो म्हणाला, की आपल्याला वाटतं तो स्वतःचंच तुणतुणं वाजवतोय. त्याला म्हणायचं असतं, तुझं मला कळतंय.

तिसरं, सरळ शब्दांत सांगा. 'असं वागतात का?' हा प्रश्न त्याच्यासाठी निरर्थक आहे. 'ती रडते आहे कारण तिचा गुडघा दुखतो. तिला पाणी नेऊन दे', हे त्याला समजतं. मारामारी झाली तर डोळ्यांत पाहून 'सॉरी' म्हणायची सक्ती करू नका. नजर भिडवणं पुष्कळांना सोसत नाही. माफी त्याला चित्र काढूनही मागता येईल. आणि बाकीच्या वर्गालाही सांगा की हा कान झाकतो कारण त्याला आवाज लागतो, त्याला तुमचा राग आलेला नसतो. सात-आठ वर्षांची पोरं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

चौथं, शंका आली तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणून दिवस घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. त्या दिवशी तुमची नोंद हाताशी असली, तर मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोचू शकतं. अंगणवाडीताईंना इथं एक वेगळी विनंती आहे. आपल्याकडे वारली, कातकरी घरातली मुलं आहेत, वीटभट्ट्यांवर आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. त्यातलं एखादं अबोल मूल फक्त शाळेच्या भाषेला बुजलेलं असतं, आणि एखादं खरंच स्वमग्न असून 'भट्टीवरचं पोर, बुजरंच असणार' म्हणून सुटून जातं. ते घरी, आपल्या बोलीत, आपल्या माणसांत कसं असतं, हे त्याच्या आईला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. भट्टीचा हंगाम संपला की ते कुटुंब निघून जातं. तोवर नोंद आईच्या हातात पडलेली असू द्या.

शेवटचं मागणं हे की, केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा अर्धा तास या विषयाला द्या. तज्ज्ञ मिळाले तर उत्तमच, पण त्यांच्यासाठी अडून राहू नका. परिसरातल्या दोन-तीन आईबापांना बोलवा, आणि बोलू किंवा लिहू शकणारा मोठा स्वमग्न माणूस मिळाला तर त्यालाच पुढं बसवा. त्याला भावना आहेत का, हे विचारू नका. त्याच्या शाळेत त्याला काय सोसलं नाही, कुणाचं काय आवडलं आणि आपलं प्रेम तो कसं दाखवतो, हे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या, मध्येच त्याचं वाक्य पुरं करू नका. पत्र वाचून तुमच्यापैकी एकानं जरी अशी बैठक ठरवली, तर खुर्च्या मांडायला आम्ही घरची मंडळी येऊ.

आपली नम्र,
वज्रेश्वरीतली एक आत्या